घंटा वाजतेय तोवर फुगडी

बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतलेल्या माणसानं स्वतः काही बनवायला जाऊ नये, असं माझं आता ठाम मत आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी टेस्टर आहे. इतरांनी बनवलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं, ते कुठं मोडतं ते शोधायचं आणि बनवणाऱ्याला गोड शब्दांत कळवायचं, हे माझं काम. या कामात हळूहळू असं वाटायला लागतं की जगात आपण सोडून सगळे वेंधळे आहेत. हा समज फार सुखाचा असतो. माझा तो नागपंचमीच्या दिवशी दुपारी चार वाजून वीस मिनिटांपर्यंत टिकला.

आम्ही नांदे गावात तुळजाबाईंच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. जिथं आता चार मजले आणि पार्किंग आहे तिथं पूर्वी त्यांचा भात व्हायचा. मागचं एक खाचर त्यांनी अजून विकलेलं नाही आणि वय बासष्ट असूनही लावणीला स्वतः उतरतात. त्या खाचराच्या बांधापलीकडे रंभाबाईंचं शेत. तुळजाबाई आणि रंभाबाई एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, आणि तेव्हापासून पंचमीला त्या दोघींची फुगडी म्हणजे गावाचा कौतुकाचा विषय होता. ‘होता’ म्हणायचं कारण मागच्या वर्षीची स्पर्धा.

झालं असं, की मागच्या वर्षी गावानं पहिल्यांदाच फुगडीची स्पर्धा ठेवली आणि जुन्या-नव्यांचा मेळ व्हावा म्हणून नियम केला की जोडीतली एक पन्नाशीच्या वरची आणि दुसरी खालची हवी. झाला तो मेळ असा, की चाळीस वर्षांची जोडी फुटली. रंभाबाईंनी सुनेला, म्हणजे वैष्णवीला, घेतलं आणि तुळजाबाईंनी भाचीला. दोन्ही जोड्या शेवटच्या फेरीत आल्या. घंटा वाजवायला होते नथू, गावातले स्पीकरवाले आणि रंभाबाईंचे धाकटे दीर. रंभाबाईंचा तोल जायला आणि नथूंनी शेवटची घंटा द्यायला एकच गाठ पडली. तुळजाबाईंचं म्हणणं, दिरानं भावजयीला वाचवलं. रंभाबाईंचं म्हणणं, मला साऱ्या गावासमोर लबाड म्हटलं. त्या दिवसापासून दोघी बोलत नव्हत्या. यंदा लावणीलाही एकमेकींच्या शेतात गेल्या नाहीत. बांधाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा वाकून, तोंडं फिरवून त्यांनी रोपं लावलेली मी गॅलरीतून पाहिली आहेत. ते काही बघवत नव्हतं.

तर जुलैच्या शेवटी तुळजाबाईंचा मुलगा शेखर वर आला. तो गावच्या उत्सव समितीत आहे आणि इमारतीतल्या लॅपटॉप बाळगणाऱ्या प्रत्येकाला ‘सर’ म्हणतो. यंदा घंटा माणसाच्या हातात द्यायची नाही असं समितीत ठरलं होतं. कुणाचाही दीर नसलेली घंटा हवी होती.

“सर, तुमी ॲप बनिवता ना?” त्यानं विचारलं.

मी ॲप बनवत नाही, बनवलेली मोडतो, हे सांगायची हीच वेळ होती. पण आतल्या खोलीतून हेमलता, म्हणजे आमची सौभाग्यवती, ऐकत होती. शिवाय तुळजाबाईंची भाची यंदा बाळंतपणाला गेल्यामुळे तिच्या जागी हेमलताची निवड झालेली होती. परभणीकडची पोर, फुगडीवरच वाढलेली. बायको मैदानात उतरणार आणि नवरा ‘मला येत नाही’ म्हणणार, हे जमण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, दोन दिवसांत देतो.

खरंच सांगतो, त्या दिवसांत मी हवेत होतो. व्हिडिओ बघून, इकडचं तिकडचं जोडून मी माझं पहिलं ॲप उभं केलं. बटण दाबलं की दर पाच सेकंदांनी एक घंटा, आणि ठरवलेली मिनिटं संपली की आपोआप बंद. पहिल्यांदा फोनमधून ‘टण्’ आवाज आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. पाच सेकंदांनी पुन्हा टण्. मी हेमलताला हाक मारली. ती कणीक मळता मळता आली, तीन घंटा ऐकल्या आणि छान आहे म्हणून गेली. मी पुढच्या चाळीस ऐकल्या.

शेजारचा शैलेश याच धंद्यातला, पण बनवणाऱ्यांच्या बाजूचा. त्याला मी मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यानं कोड वरून खाली वाचला आणि मान हलवली.

“दया, सुरू छान होतंय. थांबवायचं कसं ते नीट बघितलंस का?”

मी थांबवून दाखवलं. थांबलं. तो म्हणाला, असं नाही, आणि काहीतरी लांबलचक सांगायला लागला. मी कानाआड केलं. एका डेव्हलपरनं टेस्टरला चाचणी शिकवावी हे मला जरा झोंबलंच होतं.

मग सूचना सुरू झाल्या. तुळजाबाईंनी घंटा ऐकली आणि ही सायकलची हाय म्हणाल्या; देवळातली घंटा हवी. मी पहाटे काकड आरतीच्या वेळी देवळात जाऊन ती फोनवर घेतली. शेखर म्हणाला, फोन लॉक झाला, कुणी ॲप बंद केलं, तरी घंटा तुटता कामा नये. तसं केलं. समोरच्या सोसायटीतल्या रजनीताई, निवृत्त मुख्याध्यापिका, पंच म्हणून ठरल्या होत्या. त्यांनी मला बोलावून पंधरा मिनिटं उभं ठेवलं आणि विचारलं, मध्येच कुणाचा फोन आला तर. मी म्हणालो, फोन संपून स्क्रीन परत आली की घंटा स्वतःहून पुन्हा सुरू होईल अशी सोय करतो. त्यांनी वहीत बरोबरची खूण केली. मुख्याध्यापिकेनं बरोबरची खूण केली की चाळिशीतल्या माणसालाही कसं वाटतं ते सांगता येत नाही.

त्यांनीच आणखी एक नियम घातला: प्रत्येक घंटेला जोडीनं ‘फू’ म्हणायचं. ज्यांचा ‘फू’ चुकला त्या बाद. दम कुणाचा संपला ते सगळ्यांना ऐकू येईल, वाद नको. आणि घंटा वाजतेय तोवर फुगडी थांबवायची नाही. वाद टाळण्यासाठी त्यांनी माझ्याकडून एक हमीपत्रही घेतलं. ‘घंटा सुरू झाल्यानंतर ती थांबवणे हे यंत्राचे काम राहील. कोणत्याही इसमाने फोनला, तारेला अगर स्पीकरला हात लावू नये. लावल्यास फेरी रद्द समजावी.’ खाली माझी सही. शेजारी नथूंचीही सही, कारण तारा त्यांच्या. नथूंनी सही करताना माझ्याकडे एकदाच पाहिलं. वर्षभर ज्याला गाव पक्षपाती म्हणत होतं तो माणूस माझ्यासारख्या उपऱ्याच्या यंत्राला वायर जोडून देणार होता. मला तेव्हाच थोडं अवघडल्यासारखं व्हायला हवं होतं, पण मी उत्साहात होतो.

स्पीकरच्या परवानगीसाठी शेखर आणि मी मोटारसायकलवरून भिजत पौडला गेलो. कचेरीतले कारकून सज्जन होते, पण अर्जात ‘वाद्याचा प्रकार’ असा रकाना होता आणि त्यांच्यापुढे खराच प्रश्न पडला की मोबाईल हे वाद्य आहे का. त्यांनी बाजूच्या साहेबांना विचारलं. साहेबांनी मला घंटा वाजवून दाखवायला सांगितली. टण् झाल्याबरोबर रांगेतल्या एका आजोबांनी हात जोडले. तेव्हा ‘देवळातील घंटा (मोबाईलमधील)’ असं लिहून घेण्यात आलं. मग घंटेच्या मालकाचं संमतिपत्र हवं असं निघालं. फोन माझा आणि अर्जदारही मीच, त्यामुळे मी बाकावर बसून मला स्वतःला पत्र लिहिलं की मी माझा फोन मला वापरण्यास देत आहे व माझी त्यास हरकत नाही. एकाच नावाच्या दोन सह्या थोड्या वेगळ्या करायला हव्यात का, असंही मी विचारलं. कारकुनांनी चष्म्यावरून बघितलं आणि शिक्का मारला. येताना पिरंगुटला आम्ही मिसळ खाल्ली. मी इतका खूश होतो की तर्री दोनदा घेतली.

घरी गच्चीवर तुळजाबाई आणि हेमलताचा सराव रोज संध्याकाळी चालायचा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बिहारी भाडेकरूंनी पहिल्या दिवशी भूकंप समजून खाली धाव घेतली. नंतर तेही बघायला यायला लागले. हेमलताला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तुळजाबाई तिला पायांची जागा, पाठीचा ताण, हाताची पकड सगळं शिकवायच्या, आणि मध्येच थांबून बांधापलीकडे बघत बसायच्या. तिकडच्या अंगणात वैष्णवीचा आणि सासूचा सराव चाललेला असायचा.

पंचमीचा दिवस उजाडला. भैरवनाथाच्या देवळाचा सभामंडप दुपारी तीनलाच भरला. गावातल्या बायका नऊवारीत, सोसायटीतल्या नव्या साड्यांत, आणि चारी बाजूंना पुरुष खांबांना टेकून उभे. मी ऑफिसात दातांच्या डॉक्टरकडे जातोय असं सांगून आलो होतो. देवाच्या दारात हे बोलू नये, पण सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फोन सगळ्यांना दिसावा म्हणून मधोमध एका उंच स्टुलावर उभा ठेवला होता आणि त्याची तार नथूंच्या स्पीकरच्या पेटीला जोडली होती. फोन सायलेंटवर ठेवला तर घंटाही सायलेंट होईल या विचारानं मी तो तसाच ठेवला.

पहिल्या फेऱ्या एक-एक मिनिटाच्या होत्या आणि त्या अशा झाल्या की विचारू नका. टण्, फू. टण्, फू. मिनिट संपलं की घंटा गप्प, आणि मंडपात टाळ्या. ‘यंत्र लई बराबर हाय’ असं मी स्वतः दोन वेळा ऐकलं. एका आजींनी मला जवळ बोलावून माझ्या आईवडिलांचं गाव विचारलं. शैलेश एका खांबाशी उभा होता, त्याच्याकडे मी दोन बोटं उंचावून दाखवली. नथू सुद्धा खाली मान घालून पेटीचं बटण फिरवत का होईना, बरी चाललीय म्हणाले.

आणि शेवटच्या फेरीला दोनच जोड्या उरल्या, ज्या उरणार हे साऱ्यांना माहीत होतं. एकीकडे तुळजाबाई आणि हेमलता, दुसरीकडे रंभाबाई आणि वैष्णवी. एका बिल्डरनं बक्षीस म्हणून दिलेली घरगुती पिठाची गिरणी हार घालून समोर ठेवली होती, पण तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. मंडपात अशी शांतता, की पन्हाळीतून पडणारं पाणी ऐकू यावं. रजनीताईंनी वेळ जाहीर केली, दोन मिनिटं. मी बटण दाबून मागं सरलो.

टण्. चौघींचा फू. टण्. फू. हेमलताची वेणी सुटून आडवी उडत होती. रंभाबाईंचं अंग तुळजाबाईंपेक्षा हलकं, त्या भिंगरीसारख्या फिरत होत्या. अर्धं मिनिट झालं आणि फोन वाजला.

पियूष. माझा मॅनेजर, वयानं माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. फोनची रिंग नथूंच्या दोन्ही कर्ण्यांतून गावभर गेली. हात लावायचा नाही असं मीच लिहून दिलेलं, त्यामुळे मी नुसता बघत राहिलो. रिंग वाजून वाजून थांबली, स्क्रीन परत आली, आणि घंटा दिलेल्या शब्दाप्रमाणे स्वतःहून सुरू झाली. रजनीताईंनी माझ्याकडे बघून पसंतीची मान हलवली. फक्त काहीतरी वेगळं वाटत होतं. टण् झाल्यावर लगेच आणखी एक टण् येत होतं. बायकांनी दोन वेळा फू म्हटलं. प्रेक्षकांना वाटलं, शेवटची फेरी म्हणून मुद्दाम अवघड केलीय.

पियूषनं पुन्हा फोन केला. मग तिसऱ्यांदा. माझ्या दाताची त्याला एवढी काळजी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन मिनिटं पूर्ण झाली. फोनच्या पडद्यावर ‘वेळ संपली’ अशी अक्षरं आली. ती मी स्वतः हिरव्या रंगात ठेवली होती. आणि घंटा चालूच राहिली. टण्, टण्, जरा थांबून टण्. पुन्हा टण्, टण्, टण्. चौघींनी एकमेकींकडे, मग पंचांकडे बघितलं आणि फिरत राहिल्या. घंटा वाजतेय तोवर फुगडी. फू, फू, फू.

शैलेश गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आला. दोन आठवडे मी जे ऐकायला नाकारलं होतं ते त्यानं माझ्या कानात सांगितलं, आणि मला ते लगेच समजलं, हेच जास्त वाईट. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तो म्हणाला. टायमर सुरू केला की तो तसाच एक बिल्ला देतो. तो बिल्ला दाखवला तरच थांबतो. स्क्रीन परत आली की तू दर वेळी नवा टायमर सुरू करतोस, आणि नवा बिल्ला जुन्याच्या जागी ठेवतोस. जुना गेला. आता चौथ्याचा बिल्ला तुझ्याकडे होता, तो थांबला. पहिले तीन कुणाच्याच हातात नाहीत.

मग करायचं काय, मी विचारलं. तो म्हणाला, फोनच बंद कर.

मी स्टुलाकडे झेप घेतली आणि रजनीताई मध्ये उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात माझं हमीपत्र होतं.

“दयानंद, हात लावलात तर फेरी रद्द. मागच्या वर्षीसारखं पुन्हा सगळं. यंत्रानं थांबवलं पाहिजे.”

मी म्हणालो, हे यंत्र थांबणार नाही. त्या म्हणाल्या, मग तसं लिहून का दिलंत. मी नथूंकडे पाहिलं. एक तार ओढायचा अवकाश. नथूंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. मला माहीत आहे, त्यांना मनातून थोडी मजा वाटत असणार, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्या तोंडावर मला भीती दिसली. फिरणाऱ्यांत त्यांची भावजय होती.

बायका आता हळू झाल्या होत्या, पण थांबत नव्हत्या. मंडपातला गलका ओसरला होता. तुळजाबाईंचा चेहरा लालबुंद, ओठ घट्ट. रंभाबाईंचे डोळे अर्धे मिटलेले. दोघींपैकी कुणीही पहिली थांबणार नव्हती, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. आणि माझी घंटा, मी पहाटे उठून आणलेली, तीन तीनदा वाजून त्यांना थांबू देत नव्हती. त्या एका मिनिटात मला जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात वाटली नाही.

तेवढ्यात हेमलता म्हणाली, “मावशी, बास.”

तुळजाबाईंनी पुढं काय केलं ते नीट सांगितलं पाहिजे. त्यांनी हात सोडला नाही. उलट पकड घट्ट करून तिला जवळ ओढलं, दोन फेरे अगदी सावकाश घेतले आणि तिला खाली बसवल्यावरच बोटं मोकळी केली. हेमलता डोकं धरून बसली, पण धडधाकट. आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडे वैष्णवीचा दम संपला. तिनं एकदम हात सोडले. ती मागच्या बायकांत पडली, त्यांनी झेलली. रंभाबाई मात्र सुटल्या त्या सरळ गरगरत दगडी खांबाच्या दिशेनं निघाल्या. नथू ओरडले. शेखर धावला, मीही धावलो, आणि आम्ही दोघंही पोचलो नसतो.

तुळजाबाई पोचल्या. त्या अजून स्वतःच डुलत होत्या. त्यांनी रंभाबाईंचं मनगट पकडलं, वेग तसाच घेतला आणि खांबापासून हातभर अंतरावरून दोघी वळल्या. दुसरे हात आपसूक गुंफले गेले. पाय पायांना लागले. कर्ण्यातून टण् झालं.

“फू,” रंभाबाई म्हणाल्या.

टण्, टण्. तुळजाबाईंनी फू म्हटलं. मग दोघींनी. मी भानावर आलो आणि फोनकडे वळलो, आता हमीपत्र गेलं खड्ड्यात, तर शेखरनं माझा दंड धरला.

“आत्ता नको, सर.”

त्याचे डोळे भरलेले होते. मी थांबलो. रजनीताईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.

त्या दोघी फिरल्या. वेग फारसा नव्हता, पण असा तोल, असा डौल, की आधीच्या साऱ्या फेऱ्या पोरखेळ वाटाव्यात. चाळीस वर्षांची सवय होती, पाय आपापली जागा ओळखत होते. घंटा वेडीवाकडी वाजत होती आणि त्या मनाला येईल तेव्हा फू म्हणत होत्या, हसत होत्या, मध्येच काहीतरी बोलत होत्या. काय ते फिरण्यात ऐकू आलं नाही. नंतर हेमलतानं विचारलं तर तुळजाबाई म्हणाल्या, रंभे, तुझं रोप यंदा पिवळं पडलंय, असं सांगत होते.

मग त्या स्वतःच सावकाश होत गेल्या, जवळ आल्या आणि एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून उभ्या राहिल्या. टाळ्यांनी मंडप दणाणला. टाळ्या ओसरल्या तरी माझी घंटा चालूच होती.

“दयानंदभाऊ,” तुळजाबाई धापा टाकत म्हणाल्या, “बंद कर आता ती तुजी घंटी. कोन ऐकतंय तिचं.”

मी रजनीताईंकडे बघितलं. त्यांनी मुख्याध्यापिकेच्या थाटात परवानगी दिली. मी बटण दाबून धरलं, फोन विझला, आणि नांदे गावात पुन्हा पन्हाळीचं पाणी ऐकू यायला लागलं.

निकालाचा पेच वेगळाच झाला. दोन्ही जोड्या बाद, आणि उरलेली जोडी नियमात बसत नाही, कारण दोघीही साठीच्या वर. रजनीताईंनी वही तीनदा चाळली. शेवटी नथूंनीच सुचवलं की गिरणी बांधावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवावी, दोन्ही घरांनी दळण करावं. मागच्या वर्षीपासून नथूंचं कुणी ऐकत नव्हतं. या वेळी तुळजाबाईंनीच पहिली मान हलवली आणि भावोजी, चहाला या म्हणाल्या. वैष्णवीला मात्र दोघींनी मिळून झाडलं: थांबायचं असलं तर आधी जोडीदारणीला धरायचं, चालू फेरा पुरा करायचा, हळू व्हायचं, मग हात सोडायचा. नुसता हात सोडला म्हणजे थांबणं न्हवं.

वैष्णवी खाली मान घालून ऐकत होती. शेजारी मीही तसाच उभा होतो.

पुढच्या आठ दिवसांत मी ते ॲप दुरुस्त केलं. नवा टायमर सुरू करायच्या आधी जुना धरून थांबवायचा. प्रत्येकाचा बिल्ला जपून ठेवायचा. स्क्रीन जाताना तो परत करायचा. वाजत असलेली घंटा पूर्ण होऊ द्यायची, मधेच तोडायची नाही. मग मी शैलेशकडून चौदा वेळा फोन करवून घेतले, ॲप उघडलं, मिटलं, फोन आडवा केला, उभा केला. दर वेळी वेळ संपली की घंटा शांत. शैलेशनं पूर्ण कोड वाचला आणि त्याला बोट ठेवायला जागा सापडली नाही. इतकं समाधान मला प्रमोशननंही झालं नव्हतं. पियूषला दाताबद्दल मी खरं सांगून टाकलं, तेव्हा त्यानं त्या दिवशीचा व्हिडिओ मागून घेतला.

गौरी चार दिवसांवर आल्या आणि शेखर वर आला. गौरीपुढं फुगडी आहे, आई आणि रंभाकाकूंना सरावाला ॲप हवंय. मी आनंदानं लॅपटॉप उघडला, त्याला दुरुस्त्या समजावल्या, घंटा थांबवून दाखवली. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि घसा खाकरला.

“सर, आई म्हनती हे नको. आधीचं द्या. थांबत न्हाई ते.”

मी त्याला म्हणालो की ते सदोष आहे. शेखर म्हणाला, व्हय, तेच. या नव्या घंटीला दोन मिनटात थांबावं लागंल, दोघींचं बोलणं अर्धं ऱ्हाईल. माझ्या चेहऱ्याचं काय झालं असेल ते शैलेशला विचारा, तो दारात उभा राहून भिंतीकडे तोंड करून हसत होता. शेवटी त्यानंच जुनी प्रत शोधून शेखरच्या फोनवर टाकून दिली. मी त्यात बोट घातलं नाही.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये घंटा सुरू झाली. टण्, मग कुणाचा तरी फोन आला असावा, कारण टण् टण्, मग टण् टण् टण्. गॅलरीतून बघितलं तर दोघी फिरत होत्या, हेमलता आणि वैष्णवी पायरीवर बसून टाळ्या वाजवत होत्या. अर्ध्या तासानं शेखर फोन हातात घेऊन वर बघत विचारायला लागला की हे आता बंद करायचं कसं. मी सांगितलं, बटण दाबून धर, पण आधी त्यांना विचार, त्यांचं झालंय का.

त्यानं वळून विचारलं. दोघींनी एकदमच उत्तर दिलं.

“फू.”